फ्लाय ॲशमधील न जळलेला कार्बन लेझरने मोजणे: यंत्र स्वीकारण्यापूर्वी काय तपासावे?

राखपरीक्षक यांचा प्रश्न

नमस्कार. मी विदर्भातील एका औष्णिक विद्युत केंद्राच्या रसायनशाळेत काम करते. फ्लाय ॲशमधील, म्हणजे धुराबरोबर उडून जाणाऱ्या बारीक राखेतील, न जळलेला कार्बन, ज्याला आमच्याकडे सगळे नुसते ‘अनबर्न्ट’ म्हणतात, तो आजही आम्ही मफल भट्टीतच ठरवतो. नमुना १०५ अंशांवर वाळवायचा, क्रूसिबलमध्ये तोलायचा, ७५० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत जाळायचा, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा तोलायचा आणि जी घट येईल ती एलओआय (लॉस ऑन इग्निशन, म्हणजे जाळल्यावरची वजनघट) म्हणून नोंदवायची. काम अवघड नाही, पण आकडा नियंत्रण कक्षात पोहोचेपर्यंत चार तास सहज जातात आणि तोवर कोळशाचा लॉट, लोड किंवा चालू असलेल्या कोळसा दळणाऱ्या मिल यांपैकी काहीतरी बदललेले असते. आमचा आकडा खरा असतो, पण तो होऊन गेलेल्या परिस्थितीचा असतो, याची मला फार खंत वाटते.

गेल्या महिन्यात एका पुरवठादाराने प्रयोगशाळेतच ‘लिब्स’ (लेझर-इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी) पद्धतीच्या यंत्राचे प्रात्यक्षिक दिले. राख दाबून केलेल्या गोळीवर लेझरचे स्पंद मारायचे, उठणाऱ्या ठिणगीचा प्रकाश वर्णपटमापकात घ्यायचा आणि दोन-तीन मिनिटांत कार्बनची टक्केवारी पडद्यावर पाहायची, असे त्याचे स्वरूप होते. त्यांनी आमच्याच दहा नमुन्यांवर कॅलिब्रेशन केले, म्हणजे माहीत असलेल्या आकड्यांशी यंत्र जुळवून घेतले, त्याच दहा नमुन्यांचा आलेख दाखवला आणि सहसंबंध ०.९९ असल्याचे सांगितले. आलेख देखणा होता. मात्र दुसऱ्या दिवशी मी वेगळ्या खाणीच्या कोळशाची राख दिली, तेव्हा मफल भट्टीचा १.४ टक्क्यांचा आकडा आणि यंत्राचा २.३ टक्क्यांचा आकडा यांचा मेळ बसला नाही. मला शिफारस लिहायची आहे. ही पद्धत मुळात भरवशाची आहे का, हा फरक कशाने पडला असेल आणि स्वीकृती चाचणीत मी कोणत्या अटी घालाव्यात, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वर्णरेषा यांचे उत्तर

आपण केलेली दुसऱ्या दिवसाची चाचणी हीच खरी चाचणी होती. ज्या नमुन्यांवर कॅलिब्रेशन केले त्यांच्यावरच यंत्र अचूक ठरणे म्हणजे पाठ केलेल्या प्रश्नपत्रिकेत पूर्ण गुण मिळवणे होय. तरीही पद्धत टाकाऊ आहे असे त्यावरून समजू नये. हेच तत्त्व वापरून २०१२ पासून मंगळावरील ‘क्युरिऑसिटी’ यानाचा ‘केमकॅम’ काही मीटर अंतरावरून खडकांचे घटक ओळखत आला आहे आणि राखेतील कार्बनासाठी जपान व चीन या देशांत या पद्धतीवर बरेच काम झालेले आहे. प्रश्न आहे तो आपल्या राखेचा स्वभाव यंत्राला कितपत शिकवला आहे याचा.

थोडे मुळापासून सांगतो. यात बहुधा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर असतो. काही दशक मिलिज्यूल ऊर्जा अवघ्या पाच-दहा नॅनोसेकंदांत, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या ठिपक्यावर ओतली जाते, त्यामुळे तेथे प्रति चौरस सेंटिमीटर अब्जावधी वॅट इतकी तीव्रता निर्माण होते. राखेचा सूक्ष्म अंश उडून त्याचा दहा हजार अंशांच्या पुढचा प्लाझ्मा बनतो आणि तो थंड होताना प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश सोडते. पहिल्या काही शे नॅनोसेकंदांत केवळ पांढरा झगझगाट असतो, म्हणून वर्णपटमापकाचे दार साधारण एक मायक्रोसेकंद उशिरा उघडतात. कार्बनसाठी बहुतेक यंत्रे २४७.८६ नॅनोमीटरची रेषा वापरतात, आणि पहिली अडचण इथेच आहे.

लोहाच्या आयनाची एक रेषा जवळजवळ त्याच ठिकाणी, २४७.८६ नॅनोमीटरवरच पडते. साधा वर्णपटमापक या दोन रेषा वेगळ्या करू शकत नाही. राखेत लोहाचे ऑक्साइड काही टक्के असतेच आणि ते खाणीनुसार बदलते, त्यामुळे लोह वाढले की यंत्राला कार्बन वाढल्याचा भास होतो. आपल्या दुसऱ्या नमुन्यात नेमके असेच घडले असण्याचा माझा पहिला संशय आहे. याची खातरजमा करणे सोपे आहे. कच्चा वर्णपट मागून घ्या आणि शेजारची २४८.३३ नॅनोमीटरची लोहाची रेषा पहिल्या दिवसाच्या नमुन्यांपेक्षा किती उंच आहे ते पाहा. पुरवठादार कच्चा वर्णपट द्यायला तयार नसेल आणि केवळ अंतिम टक्केवारीच दाखवत असेल, तर माझ्या मते तेवढ्याच कारणावरून शिफारस थांबवावी. कार्बनची १९३.०९ नॅनोमीटरची रेषा या लुडबुडीपासून बरीच मुक्त आहे, परंतु त्या भागातील प्रकाश हवेतील ऑक्सिजन व साधे प्रकाशतंतू शोषून घेतात, म्हणून तिच्यासाठी प्रकाशाचा मार्ग नायट्रोजन किंवा आर्गॉनने भरलेला ठेवावा लागतो आणि यंत्राची किंमत वाढते.

दुसरी गोष्ट हवेची. प्लाझ्मा हवेत पेटतो आणि हवेत कार्बन डायऑक्साइड आहे, त्यामुळे कार्बन नसलेल्या राखेवरही थोडा कार्बन दिसतो. यासाठी आपल्याच मफल भट्टीतून पूर्ण जळून निघालेली राख हा उत्तम ‘शून्य नमुना’ आहे. तिची गोळी करून यंत्रात ठेवा. जो आकडा येईल तो यंत्राचा पाया समजा, आणि तो सकाळ-दुपार किंवा खोलीत माणसे वाढल्यावर किती हलतो हे आठवडाभर नोंदवा. ठिणगीवर आर्गॉनचा हलका झोत सोडण्याची सोय असेल तर हा पाया खाली येतो आणि स्थिरही होतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एलओआय आणि कार्बन या दोन वेगळ्या राशी आहेत. भट्टीतल्या वजनघटीत कार्बनाबरोबर कार्बोनेटमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड असतो, चिकणमातीत किंवा कळीच्या चुन्याच्या हायड्रॉक्साइडमध्ये अडकलेले पाणी असते, आणि उलट बाजूने मॅग्नेटाइटचे हेमॅटाइट होताना त्याचे वजन सुमारे ३.५ टक्क्यांनी वाढते. लेझरला मात्र फक्त कार्बनचे अणू दिसतात, मग ते कोळशाचे असोत वा कार्बोनेटचे. एक उदाहरण घ्या. राखेत १ टक्का कॅल्शियम कार्बोनेट असेल आणि ते भट्टीत पूर्ण विघटित झाले, तर एलओआय ०.४४ने वाढेल, पण लेझरला त्यातून ०.१२ टक्केच कार्बन दिसेल. म्हणून यंत्राचे कॅलिब्रेशन एलओआयवर करू नये. वीस-पंचवीस नमुन्यांचा एकूण कार्बन ज्वलन-विश्लेषकावर, म्हणजे नमुना ऑक्सिजनमध्ये जाळून निघालेला वायू अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या उपकरणावर, तपासून घ्या आणि यंत्राला ते आकडे शिकवा. एलओआय समांतर चालू ठेवा. दोन्हींतील फरक आपल्या राखेसाठी बहुधा लहान व बराच स्थिर निघेल, पण तो गृहीत न धरता मोजलेला असावा.

प्रत्येक स्पंदाची ताकद आणि प्रत्येक गोळीचा पृष्ठभाग थोडा वेगळा असल्यामुळे कार्बनच्या रेषेची नुसती उंची वापरता येत नाही. ती सिलिकॉनच्या २८८.१६ किंवा ॲल्युमिनियमच्या रेषेशी गुणोत्तराने पाहावी लागते, आणि मॅग्नेशियमच्या आयन व अणू यांच्या २७९.५५ आणि २८५.२१ नॅनोमीटरच्या रेषांच्या गुणोत्तरावरून प्लाझ्माच्या तापमानाची दुरुस्ती करावी लागते. पुरवठादार यांपैकी काय करतो हे लेखी विचारा.

दक्षता_निवृत्त यांचे उत्तर

मी बॉयलरच्या कार्यक्षमता विभागात तीन दशके काम केले आहे. लेझरच्या आतील गोष्टी वरच्या उत्तरात उत्तम आल्या आहेत, म्हणून मी आकड्याच्या मोलाबद्दल आणि नमुन्याबद्दल लिहितो.

आपल्याकडच्या कोळशात राख फार असते, आणि त्यामुळे अनबर्न्टचा प्रत्येक टक्का आपल्याला परदेशी केंद्रांपेक्षा कितीतरी महाग पडतो. समजा, कोळशात ४० टक्के राख आहे, त्याचे उष्मांक मूल्य किलोला ३५०० किलोकॅलरी आहे आणि राखेचा ८० टक्के भाग फ्लाय ॲश म्हणून जातो. फ्लाय ॲशमधील कार्बन २ वरून ३ टक्क्यांवर गेला, तर दर किलो कोळशामागे सुमारे ३.४ ग्रॅम कार्बन जास्त वाया जातो. कार्बनचे मूल्य किलोला ८०८० किलोकॅलरी धरले तर हा तोटा २७ किलोकॅलरी, म्हणजे इंधनाच्या उष्णतेच्या पाऊण टक्क्याहून थोडा जास्त होतो. आता १० टक्के राखेचा आणि ५५०० किलोकॅलरींचा आयात कोळसा घ्या. तोच एक टक्का वाढला तरी तोटा जेमतेम ०.१२ टक्के भरतो. जी यंत्रे कमी राखेच्या कोळशावर ‘अर्ध्या टक्क्याची अचूकता पुरेशी’ म्हणून विकली जातात, ती आपल्या कामाला पुरेशी नाहीत. आपल्याला ०.२-०.३ टक्क्यांचा फरक ओळखता आला पाहिजे.

वेगाचे मोल मी स्वतःच्या अनुभवाने शिकलो. एका युनिटमध्ये एका बाउल मिलच्या क्लासिफायरची (भरड कण वेगळे करणाऱ्या भागाची) पाती झिजली होती आणि भरड कोळसा भट्टीत जात होता. आम्ही २०० मेशच्या चाळणीमधून ७० टक्के आणि ५० मेशवर एक टक्क्याहून कमी, ही बारकाईची अट सांभाळतो, पण ती चाचणी रोज होत नसे. राखेचा नमुना दिवसाच्या सरासरीचा असल्याने पहिल्या दिवशी आकडा किंचित वाढला, दुसऱ्या दिवशी तो चूक समजून पुन्हा तपासायला सांगितला आणि तिसऱ्या दिवशी मिल बंद केली. ती पुन्हा तपासण्याची सूचना माझीच होती. दर अर्ध्या तासाला आकडा मिळाला असता, तर कोणती मिल चालू-बंद झाल्यावर अनबर्न्ट उडी मारतो हे पहिल्याच शिफ्टमध्ये दिसले असते. एवढ्या उपयोगासाठी आकडा निरपेक्षपणे अगदी अचूक नसला तरी चालतो, त्याचा चढउतार मात्र खरा असला पाहिजे.

याच ठिकाणी एक सावधगिरीही सांगतो. जलद आकडा हाती आला की चालकाला तो शून्याकडे न्यावासा वाटतो आणि तो हवा वाढवत जातो. इकॉनॉमायझरनंतरचा (धुराच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागानंतरचा) धुरातील ऑक्सिजन साडेतीन टक्क्यांवरून पाचवर गेला, तर चिमणीतून जाणारी उष्णता वाढते, नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात आणि कार्बनमध्ये वाचवलेले दुसरीकडे गमावले जाते. पडद्यावर अनबर्न्टच्या शेजारी ऑक्सिजनचा आकडा दिसलाच पाहिजे, असा आग्रह धरा.

नमुन्याबद्दल एवढेच सांगेन की ईएसपीच्या, म्हणजे धुरातील राख विजेने ओढून गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या, पहिल्या फील्डच्या (विभागाच्या) हॉपरमध्ये सर्वाधिक आणि भरड राख पडते, मागच्या फील्डमध्ये बारीक राख असते, आणि कार्बन बहुधा भरड कणांत जास्त राहतो. केवळ सोयीचा हॉपर निवडून घेतलेला नमुना लेझरने तपासला काय किंवा काट्यावर तोलला काय, तो चुकलेलाच असतो. शिवाय ‘ए’ आणि ‘बी’ या दोन डक्टमधील (धूरमार्गांमधील) कार्बन क्वचितच सारखा असतो.

राखपरीक्षक

आपणा दोघांचे मनापासून आभार. कच्चा वर्णपट मी मागितला आहे. पुरवठादाराने आता दुसरा प्रस्ताव दिला आहे. गोळ्यांचा खटाटोप टाळण्यासाठी एअर प्रीहीटरच्या आधीच्या डक्टमध्येच काचेची खिडकी बसवून, वाहत्या धुरातल्या राखेवर थेट लेझर मारावा, असे ते सुचवतात. दर मिनिटाला आकडा मिळेल म्हणून आमचे वरिष्ठ अधिकारी या कल्पनेकडे ओढले गेले आहेत. हे शक्य आहे का?

वर्णरेषा

शक्य आहे, पण साधी आकडेमोड केल्याशिवाय होकार देऊ नका. धुरात सुमारे १४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. शून्य अंश तापमान व एक वातावरण दाबाला मोजलेल्या एक घनमीटर धुरात त्यातून सुमारे ७५ ग्रॅम कार्बन येतो. त्याच घनमीटरात ५० ग्रॅम राख आणि तीत २ टक्के कार्बन धरला, तर राखेतला कार्बन भरतो १ ग्रॅम. म्हणजे आपल्याला हवी असलेली खूण तिच्याहून पंचाहत्तर पट मोठ्या खुणेखाली दबलेली आहे. ठिणगीत वायूचाही कार्बन तितक्याच मोकळेपणाने चमकतो आणि तो कोणता हे अणूकडे पाहून सांगता येत नाही. शिवाय वाहत्या धुरात प्रत्येक स्पंदाला कण सापडेलच असे नाही. काही स्पंद रिकाम्या वायूवर पडतात, काही एखाद्या मोठ्या कणावर, आणि आकडा उड्या मारतो.

यावरचा मार्ग असा, की नळीने धूर ओढून घ्यावा, लहान सायक्लोनमध्ये राख वायूपासून वेगळी करावी आणि खाली पडणारी राख थरात किंवा फिरत्या तबकडीवर दाबून स्वच्छ हवेत किंवा आर्गॉनमध्ये लेझरखाली आणावी. यात मिनिटाऐवजी पाच-दहा मिनिटांनी आकडा येईल, पण तो राखेचा असेल. नळीतील ओढ धुराच्या वेगाशी जुळलेली नसेल, तर भरड कण कमी-जास्त येतात आणि दक्षता_निवृत्त यांनी सांगितल्याप्रमाणे कार्बन नेमका तेथेच असतो, म्हणून तीही अट लिहा. खिडकीवर राख बसू नये म्हणून कोरड्या, तेलविरहित हवेचा पडदा हवाच. कॉम्प्रेसरच्या हवेतले तेल हासुद्धा कार्बनच आहे, हे विसरू नये.

मिक्स_डिझाइन यांचे उत्तर

मी पुण्याजवळच्या एका रेडीमिक्स काँक्रीट प्रकल्पात गुणवत्ता पाहतो, म्हणजे आपली राख विकत घेणाऱ्यांपैकी आहे. आमच्यासाठी आयएस ३८१२ या फ्लाय ॲशच्या भारतीय मानकाच्या पहिल्या भागातील एलओआय ५ टक्क्यांहून जास्त नसावा ही अट बंधनकारक आहे. त्यामुळे लेझरचा आकडा कितीही चांगला असला, तरी प्रमाणपत्रावर भट्टीचा एलओआयच लागेल. पण खरे सांगायचे तर आम्हाला ५ ही मर्यादा ओलांडली जाण्याचा त्रास क्वचित होतो. त्रास होतो तो एका बल्करमध्ये (राख वाहणाऱ्या टँकरमध्ये) १ आणि पुढच्या बल्करमध्ये ३ टक्के असण्याचा. कार्बनचे सच्छिद्र कण मिश्रणातले रसायन शोषून घेतात, तेच प्रमाण टाकूनही काँक्रीटचा स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) घसरतो आणि साइटवर कोणीतरी पाणी ओततो. थंड प्रदेशांत, जेथे काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बुडबुडे ठेवावे लागतात, तेथे हा दोष आणखी गंभीर असतो. आपण सायलोतून बल्कर भरताना प्रत्येक बल्करचा जलद आकडा चलनावर लिहून देऊ शकलात, तर आमच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. त्यासाठी डक्टमधील यंत्रापेक्षा सायलोखालचे गोळीवाले यंत्र अधिक उपयोगी ठरेल.

राखपरीक्षक

ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. वर्णपट आला आहे आणि दुसऱ्या दिवसाच्या नमुन्यात लोहाची २४८.३३ ची रेषा खरोखरच पहिल्या नमुन्यांच्या जवळजवळ दीडपट उंच आहे. शिफारशीत मी आता असे लिहीत आहे की कॅलिब्रेशन एकूण कार्बनवर व्हावे, त्यात आमच्याकडे येणाऱ्या सर्व खाणींच्या कोळशाची राख असावी, आणि पडताळणीचे नमुने कॅलिब्रेशननंतरच्या महिन्यात, पुरवठादाराच्या गैरहजेरीत घेतलेले असावेत. शून्य नमुना रोज सकाळी तपासला जावा आणि यंत्र प्रथम सायलोजवळ बसवावे. दोन शंका उरल्या आहेत. आमची राख काचेसारख्या गोल कणांची असल्याने गोळी दाबली तरी ती सुटते, म्हणून पुरवठादार सेल्युलोज मिसळतो. ते योग्य आहे का? आणि एका गोळीवर किती स्पंद पुरेसे मानावेत?

वर्णरेषा

सेल्युलोज मुळीच नको, कारण त्याच्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कार्बनच असतो. मेण किंवा स्टार्चही नको. बंधक लागलाच तर पोटॅशियम ब्रोमाइड किंवा बोरिक आम्ल वापरा, त्याचे प्रमाण प्रत्येक गोळीत तोलून सारखेच ठेवा आणि शून्य नमुन्यातही तेवढेच घाला. त्याआधी राख समान वेळ दळून पाहा. गोल कण फुटले की बहुधा दाबाने गोळी आपोआप धरते, आणि भरड कार्बनही सारखा पसरतो.

स्पंदांबाबत असे, की एका स्पंदाने उडणारी राख एक मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. दोनशे स्पंद मारले तरी आपल्या क्रूसिबलमधल्या एक ग्रॅमचा पाच हजारावा भागच तपासला जातो. म्हणून एकाच जागी शंभर स्पंद मारण्याऐवजी गोळी फिरवून निदान चाळीस-पन्नास जागा घ्या, एकाच नमुन्याच्या तीन स्वतंत्र गोळ्या करा आणि त्या तिघींमधील फरक अहवालात लिहा. यंत्राची खरी पुनरावृत्तिक्षमता त्याच फरकात दिसते, एकाच गोळीवरच्या सलग वाचनांत दिसत नाही. प्रत्येक जागेवरचे पहिले चार-पाच स्पंद हिशोबात धरू नका, कारण गोळीच्या पृष्ठभागावर डायचे ग्रीस किंवा हाताचा तेलकटपणा लागलेला असू शकतो. आणि हा लेझर चौथ्या वर्गाचा, डोळ्यांना न दिसणारा आहे. झाकण उघडले की तो आपोआप बंद होतो याची चाचणी यंत्र स्वीकारण्याच्या दिवशी आपण स्वतः, १०६४ नॅनोमीटरसाठीचा योग्य चष्मा लावून, करून पाहावी.